पूल मागणारा नावाडी

केरबातात्यांना हळू बोलता येत नसे. जन्मभर एका काठावरून दुसऱ्या काठाशी बोलायची सवय. हातभर अंतरावर बसलेल्या माणसाशीही ते मध्ये वारणा वाहत असल्यासारखेच बोलत. चहाच्या टपरीवर त्यांनी "अर्धा चा दे रं" म्हटलं की देवळातला पुजारी बाहेर डोकावे. कुणाच्या मयताला गेले की घरचे लोक आधीच सांगत, "तात्या, तुम्ही नुसतं बसा." ते नुसते बसतही. पण उठताना "येतो गाऽ" एवढं म्हटल्याशिवाय त्यांना राहवत नसे, आणि त्या एका आवाजानं थांबलेलं रडं पुन्हा सुरू होई.

अंगानं ते तसे किरकोळ होते. छाती मात्र वल्हं मारून मारून पिंपासारखी झालेली, आणि पाय बारीक. चालताना वाटे की वरचा माणूस एकाचा आणि खालचा दुसऱ्याचा. डोक्याला मुंडासं, अंगात बिनबाह्यांची बंडी, धोतर गुडघ्याच्या वर. पायात चप्पल मी त्यांच्या कधी पाहिली नाही. "नावंत बसतो तवर ती देवाच्या जागी," म्हणत, आणि दिवसाचा बराच वेळ ते नावेतच असत.

ती नाव त्यांच्या वडलांनी बांधून घेतलेली होती. सागवानी, रुंद बुडाची, चाळीसेक माणसं आणि दोन म्हशी सहज नेणारी. आमचं गाव नदीच्या अलीकडं, दुसरं गाव पलीकडं. शाळा, दवाखाना, बाजार सगळं आमच्या बाजूला. त्या गावाची निम्मी जमीनही आमच्या बाजूला. वरच्या अंगाला एक पूल होता, पण तिकडून यायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायचा. म्हणून नाव.

गावातल्या माणसाकडून नावेत पैसे घ्यायचे नाहीत, असा दोन्ही गावांचा रिवाज होता. सुगीला प्रत्येक घरातून तात्यांच्या दारात धान्य यायचं, शेंगांच्या पाट्या यायच्या, गुऱ्हाळातून गूळ यायचा. पैसे फक्त पावण्यांकडून, म्हणजे परगावच्या माणसांकडून. त्याच्या बदल्यात नावाड्यावर एकच बंधन होतं. पलीकडून कुणी तोंडाशी हात धरून "नाऽव होऽऽ" अशी हाळी दिली की नावाड्यानं ओ द्यायची, आणि ओ दिली की नाव सोडायची. मग माणूस एकटा असो नाहीतर वऱ्हाड असो.

तात्या जिथं असत तिथून ओ देत. जेवत असले तर घास गालात सारून, दाढी करवून घेत असले तर न्हाव्याचा हात बाजूला करून. "आलोऽऽ!" ती ओ कानावर पडली की पलीकडचा माणूस निर्धास्त होई. खाली बसे, तंबाखू मळे. तात्या म्हणाले आलो, म्हणजे ते येणार. सावकाराच्या शब्दाला नसेल एवढी किंमत त्या दोन अक्षरांना होती.

तात्यांचे वडील अंथरुणाला खिळले आणि औषधपाण्याच्या पैशासाठी ती नाव आमच्या घरी विकली गेली. माझ्या वडलांचा, अप्पांचा, गुळाचा व्यापार होता. पलीकडच्या गुऱ्हाळांचा माल अलीकडं आणायला नाव लागायचीच. व्यवहार सरळ झाला, कुणी कुणाला फसवलं नाही. नाव अप्पांची, वल्हं तात्यांचं, आणि सुगीचं धान्य पूर्वीसारखंच तात्यांच्या दारात. काही बदललंय असं कुणाला वाटलं नाही. तात्यांनाही नसावं. आमचं घर लिंगायत, थोरली माणसं आपसात कानडी बोलायची. तात्यांनी त्यातले चार शब्द उचलले होते आणि आमच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं की ते चारही शब्द ते एकदम वापरत. अप्पांना 'अण्णा' म्हणत. माझ्या आईला, ती वयानं त्यांच्या लेकीसारखी असून, 'अव्वा', म्हणजे आई, म्हणत. आणि भर दुपारी चार वाजता ओरडून विचारत, "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का. आई हसून आतूनच म्हणे, "झालं तात्या, कधीच झालं. साऱ्या गल्लीचं झालं."

त्यांचा स्वभाव सांगायचा तर सासनकाठीची गोष्ट सांगितली पाहिजे. चैत्रात पलीकडच्या गावची काठी जोतिबाच्या डोंगराला निघे ती आमच्या घाटावरून. एका वर्षी वारं सुटलं होतं. पोरं ती घराहून उंच काठी उभी धरून नावेत चढली, मागं गुलालानं माखलेली पन्नासएक माणसं. तात्यांनी वल्हं आडवं धरलं.

"काठी आडवी करा."

"तात्या, काठी आडवी करत न्हाईत. देवाची हाय ती."

"मग देवाला म्हणावं, पवत ये."

"केरबा, जीभ आवर!" एक म्हातारा ओरडला.

"माजं नावच त्येच्या नावानं ठिवलंय. त्यो आन मी काय ते बघून घिऊ. तुझं काय मदी? वारं बघ, काठी बघ, आन ही पोती भरल्यागत भरलेली माणसं बघ. एक झोत आला की समदी चांगभलं."

बराच वाद झाला. शेवटी तात्यांनीच तोड काढली. सगळ्यांना खाली उतरवलं. काठी उभीच घेतली, पण तिच्याबरोबर फक्त तिला दोऱ्यांनी धरणारी माणसं. बाकीची पुढच्या खेपांना. त्या पहिल्या खेपेत तात्या अवाक्षर बोलले नाहीत. अलीकडं आल्यावर काठीच्या बुडाशी डोकं टेकलं आणि मग त्या म्हाताऱ्याला म्हणाले, "आता बोल, काय म्हनत हुतास?" नावेच्या फटींत बसलेला गुलाल पुढं पाऊस लागेपर्यंत निघाला नाही.

आता ज्या दिवसामुळं मी हे लिहायला बसलो तो दिवस.

नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. मी शिक्षण संपवून घरीच होतो, नोकरी लागायची होती. श्रावणात नदी पात्र सोडून बाहेर आली होती. पाणी तांबडं, मधूनच आख्खी झाडं वाहत यायची. नाव घाटाच्या वर, वडाला बांधलेली. पुरात नाव बंद ठेवायची की नाही हे तात्याच ठरवत. तीन दिवस त्यांनी ती बंद ठेवली होती.

सकाळी पलीकडून हाळी आली. बाईचा आवाज होता. पलीकडच्या रघूची आई. रघूची बायको अडली होती, आणि दवाखाना आमच्या बाजूला. पाण्याच्या आवाजातून शब्द नीट येत नव्हते, पण "बाळतीण" एवढा शब्द आला. तात्या वडाखालीच बसले होते. उठले, मुंडासं घट्ट केलं आणि ओ दिली. "आलोऽऽ!"

पुढचं आम्हाला नंतर कळलं. पलीकडं डेअरीची जीप उभी होती. चिखल होता, लांबचा फेरा होता, तरी वरच्या पुलावरून जायचं रघूच्या घरच्यांनी ठरवलं होतं. बाईला जीपमध्ये घालायला उचललंही होतं. जाता जाता एकदा हाळी देऊन बघू म्हणून म्हातारीनं हाळी दिली, आणि ओ आली. तात्यांनी ओ दिली म्हणजे नाव येणार. त्यांनी बाईला पुन्हा खाली उतरवून देवळाच्या ओवरीत ठेवलं. जीप दुधाचे कॅन घेऊन निघून गेली.

इकडं तात्या दोर सोडायला लागले तेवढ्यात अप्पा आले. मी त्यांच्यावर छत्री धरून मागं होतो. अप्पांनी पाण्याकडं बघितलं आणि दोरावर पाय ठेवला.

"केरबा, वेडा झालाईस काय? पाणी बघ."

"बघितलंय अण्णा. वर वडत नेतो. मळ्याच्या अंगानं सोडली की तिरकी जाऊन लागती."

"न्हाय लागायची. नाव बी जाईल आन तू बी जाशील. तुझ्या बायकोला काय सांगू मी?"

"पाय काढा अण्णा. मी ओ दिलीया."

"ओ दिलीस म्हणून नाव द्यायची व्हय? नाव माझी हाय."

अप्पा दुष्ट नव्हते. हे मी मुलगा म्हणून म्हणत नाही. त्यांना तात्यांच्या जिवाची काळजी होती, हे खरंच आहे. नावेची काळजी होती, हेही खरं आहे. त्यातली कुठली किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण त्या क्षणी पहिल्यांदा मला आणि बहुतेक तात्यांनाही कळलं की ओ एकाची आहे आणि नाव दुसऱ्याची. तात्यांच्या वडलांच्या काळात दोन्ही एकाच हातात होतं.

तात्यांनी मालकाच्या पायाला हात घातला नाही. ते दोराचं टोक धरून वाकलेले तसेच राहिले. भांडले नाहीत. "अण्णा, पाय काढा," एवढंच पुन्हापुन्हा म्हणत राहिले. पलीकडून पुन्हा हाळी आली. मग आणखी एकदा, या वेळी पुरुषाची. तात्या तिकडं बघेनात. मी छत्री धरून उभा होतो. मी त्या वेळी चांगला बावीस-तेवीस वर्षांचा होतो, अप्पांचा हात धरून त्यांना मागं ओढायची ताकद माझ्यात होती. मी छत्री सरळ धरली, अप्पा भिजू नयेत म्हणून.

मग बराच वेळ हाळी आली नाही. अप्पांनी आपण होऊन पाय काढला.

तात्यांनी दोन पोरं घेऊन नाव वर ओढत नेली आणि एकट्यानं सोडली. पाण्यानं त्यांना पार खाली नेलं, पलीकडच्या बाभळींत नाव अडकली. तिथून ते गुडघाभर चिखलातून वर चालत गेले. ओवरीत पोचले तेव्हा रघूची बायको गेली होती. मूलही.

पाणी उतरल्यावर तात्या नाव घेऊन आले. वडाला बांधली, आमच्या घरी आले, वल्हं कोपऱ्यात ठेवलं. "नाव आणलीया अण्णा. येका फळीला तडा गेलाय, बाकी धड हाय." आई भाकरी वाढते म्हणाली तर "नगं अव्वा" म्हणून निघून गेले.

काही दिवसांनी आमच्या बाजारात रघू आणि तात्या समोरासमोर आले. लोक बाजूला सरले, आता काहीतरी होणार म्हणून. रघू खाली बघत म्हणाला, "तात्या, तुमच्यावर राग न्हाय माझा. तुमी ओ दिली नसती तर बरं झालं असतं, एवढंच." आणि मेथीची पेंडी पिशवीत घालून पुढं गेला. तो परत कधी नावेत बसला नाही. शेताला यायचं असलं तरी सायकलवरून वरच्या पुलाचा फेरा घालून यायचा.

त्या दिवसापासून तात्यांनी ओ देणं सोडलं.

नाव सोडली नाही. हाळी आली की ते जात, पूर्वीसारखेच लगेच जात. पण तोंडातून शब्द काढत नसत. पलीकडचा माणूस हाळीवर हाळी देई, घसा बसे, आणि एकाएकी नाव पुढ्यात येऊन लागे. जुन्या माणसांना सवय झाली. परगावची माणसं शिव्या घालत. एकजण तर म्हणाला, "ए म्हाताऱ्या, बहिरा हाईस का मुका?" तात्या म्हणाले, "दोनी. बसा पावणं." आणि हा आवाज इतका दांडगा होता की पावणं घाबरून मटकन खाली बसले.

आणि मग त्यांनी पुलाचं डोक्यात घेतलं. पहिल्यांदा ते आमच्याकडं आले. अप्पा सोप्यात हिशेब बघत बसले होते.

"अण्णा, हितं पूल व्हाया पायजे. अर्ज करायचा हाय. पयली सही तुमची."

अप्पा चष्म्यावरून बघत राहिले. "पूल झाल्यावर नाव कोण वापरणार? स्वतःच्या पोटावर पाय आणालायस केरबा."

"पायाचं तुमी बोलू नगा अण्णा," तात्या म्हणाले.

अप्पांनी सही केली. त्यानंतर वर्षभरातच त्यांनी नाव विकून टाकली. आमच्या घरात त्या दिवसाविषयी कधी बोलणं झालं नाही, अप्पा जाईपर्यंत नाही.

नवा मालक तालुक्याच्या गावचा, बबनशेट म्हणून. पंचायतीनं घाटाचा ठेका लिलावात काढला, तो त्यानं घेतला, आणि नावही घेतली. धान्याचा रिवाज मोडला. तिकीट आलं, गावच्या माणसालाही. तात्या पगारी झाले. पहिल्या दिवशी एका म्हातारीकडं तिकीट मागायची वेळ आली तेव्हा तात्यांनी तोंड नदीकडं फिरवलं आणि म्हणाले, "बबनशेटचा हात म्हणून म्होरं करतोय. माजा न्हवं." म्हातारीनं नाणं त्यांच्या हातात ठेवत उत्तर दिलं, "तुझ्या बाला आमी शाळू घातलाय केरबा. आता ह्येला घालतो. काय करायचं."

बबनशेट वाईट नव्हता, हसरा होता. तात्या प्रत्येक मोर्चात, प्रत्येक निवेदनात पुढं असतात हे त्याच्या कानावर गेलं. तो एकदा घाटावर येऊन म्हणाला, "तात्या, पगार माझा खाताय आन पूल मागताय. बरं दिसतं का?"

"बरं न्हाय दिसत."

"मग?"

"मग काय. सुट्टी घिऊन जातो की."

गावातले लोकही चेष्टा करत. "तात्या, पूल झाला की खाणार काय?" "गवत खाईन. तुमच्या म्हशी खात्यात न्हवं? त्यांचं काय वाईट चाललंय?" असं तोडून बोलायचे आणि पुढं चालू लागायचे. का मागतात पूल, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दोन्ही गावांना ते माहीत होतं, आणि दोन्ही गावं माहीत नसल्यासारखं दाखवत होती.

मला तोवर वारणानगरला शाळेत नोकरी लागली होती. अर्ज लिहून द्यायचं काम माझ्याकडं आलं. रविवारी मी घरी आलो की तात्या धुतलेलं मुंडासं बांधून हजर. मी लिहायचो, ते ऐकायचे. सरकारी भाषा त्यांना आवडे. "'नम्र निवेदन' घातलंस न्हवं? घाल, घाल." एकदा अर्ज जोरदार व्हावा म्हणून मी त्यात रघूच्या बायकोचं सगळं लिहिलं. नाव, साल, सगळं. वाचून दाखवायला लागलो तर तात्यांनी हात वर केला.

"त्ये खोड."

"तात्या, त्यानंच फरक पडेल. साहेबांना कळलं पाहिजे."

"खोड. त्ये अर्जात घालायचं न्हाय. त्ये माजं हाय."

ते एकट्याचं नाही, आमचंही आहे, छत्री धरणाऱ्याचंही आहे, हे मला म्हणता आलं असतं. जीभ तिथपर्यंत आली होती. मी ओळी खोडल्या आणि अर्ज पुन्हा स्वच्छ लिहून काढला. पुढंही कितीतरी अर्ज लिहिले. त्या अक्षरांनी माझं थोडं तरी फिटतंय अशी मी समजूत करून घेत होतो.

निवडणुकीच्या दिवसांत तात्यांना भलता मान यायचा. पलीकडं मतं होती आणि मतांकडं जायला तात्या. एका साली एक उमेदवार आला. पांढरे कपडे, गळ्यात हार, बरोबर कार्यकर्ते. मीही त्या नावेत होतो. नदीच्या ऐन मध्यावर तात्यांनी वल्हं वर घेतलं आणि मांडीवर ठेवलं. नाव हळूहळू खाली सरकू लागली.

"काय झालं? का थांबलास?" उमेदवारांनी विचारलं.

"सायेब, पुलाचं काय?"

"करायचाय की. आपल्या यादीतच हाय. आधी पलीकडं तर चल."

"मागल्या बारीला बी यादीत हुता. तवा काठावर इचारलं. काठावर तुमी लगी गाडीत बसता. हितं इचारलेलं बरं, हितनं कुठं जाणार?"

कार्यकर्ते हसले. उमेदवार हसले नाहीत, त्यांना पोहता येत नसावं. एका हातानं फळी घट्ट धरून ते म्हणाले, "तुझं पोट कशावर चालतं रे बाबा?"

"ह्येच्यावरच."

"मग पूल कशाला पायजे तुला?"

सगळ्यांना वाटलं, आता तात्या काहीतरी फर्मास उत्तर देणार. मीही वाट बघत होतो. तात्या पलीकडच्या काठाकडं, देवळाच्या बाजूला बघत राहिले. मग वल्हं उचललं आणि नाव काठाला लावली. उतरताना उमेदवारांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या माणसाला त्या दिवशी काय वाटलं कुणास ठाऊक, पण पुढच्याच वर्षी मोजमापाला माणसं आली.

पूल व्हायला मात्र बरीच वर्षं गेली. दोन खांब उभे राहिले आणि काम थांबलं. सळ्या गंजत पाण्यावर उभ्या. त्या सळ्या कुणी कापून नेऊ नयेत म्हणून तात्या जाता-येता खांबाला नाव घासून नेत आणि वर बघत. काम पुन्हा सुरू झालं तेव्हा बिहारकडून आलेल्या गवंड्यांना तेच ने-आण करत. त्यांची हिंदी ऐकण्यासारखी होती. "ए भाई, सिमिट जादा डालो, पाणी कम. हमारा पाणी हाय, हमको मालूम." गवंडी त्यांना चाचा म्हणत आणि डब्यातली भाजी देत.

पूल खुला झाला तो दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं उलटल्यावर. फीत कापली, भाषणं झाली, ढोल वाजले. व्यासपीठावर तात्यांना कुणी बोलावलं नाही आणि त्यांनाही ते सुचलं नसावं. सकाळी त्यांनी नावेतलं पाणी उपसलं, ती धुतली, वडाला बांधली आणि गर्दीबरोबर पुलावर चढले. खाली पाणी बघायला सगळी माणसं एकाच बाजूच्या कठड्याला गोळा झाली. त्याबरोबर तात्यांचा आवाज सगळ्या ढोलांच्या वर चढला. "येका अंगाला जाऊ नगा रंऽ! निम्मी हिकडं या, निम्मी तिकडं!" पोरं पोट धरून हसली. आणि गंमत म्हणजे बरीच माणसं खरोखर या बाजूला आली.

रघूही त्या दिवशी पुलावर होता, सायकल हातात धरून. तात्यांच्या शेजारून गेला. दोघांनी एकमेकांना बघितलं. रघूनं सायकलची घंटी एकदा वाजवली, बस्स. मी जवळच होतो. त्याचा अर्थ काय लावायचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बबनशेटनं काही महिन्यांत नाव काढून टाकली. ती कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका ढाब्यावाल्यानं नेली. मी एकदा तिथून जाताना तिला पाहिलं. विटांच्या चौथऱ्यावर चढवलेली, वरून लाल-पिवळा रंग, आत टेबलं, कारखान्यातली पोरं बसून मिसळ खात होती. मी ओळखलं ते तडा गेलेल्या फळीवरून. तिच्यावर पत्र्याची पट्टी तात्यांनी स्वतः ठोकली होती. घरी आल्यावर बराच विचार करून मी त्यांना सांगितलं. वाईट वाटेल म्हणून जरा सांभाळून सांगितलं.

"बसत्यात न्हवं माणसं तिच्यात?" त्यांनी विचारलं.

"बसतात. जेवतात."

"मग झालं. जाळली तर न्हाय." आणि थोड्या वेळानं, "रंग कसला म्हनलास? लाल? तिला लाल बरा न्हाय दिसायचा." एवढाच त्यांचा आक्षेप.

नाव गेल्यावर तात्या दिवसभर करायचे काय, असं लोक विचारत. ते शेळ्या राखत, पारावर बसत, पोरांना दमात घेत. पावसाळ्यात मात्र त्यांचा पाय घरात ठरत नसे. पूल झाल्यावर दोनेक वर्षांनी मोठा पूर आला, त्याच वर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी ते गेले. साधा ताप झाला आणि चार दिवसांत आटोपलं. मी वारणानगरला होतो, मला निरोप उशिरा मिळाला. म्हणून मला झालेलं त्यांचं शेवटचं दर्शन पुरातलंच.

शाळेच्या कामानं मी स्कूटरवर पलीकडच्या गावी निघालो होतो. पाऊस सारखा लागून राहिलेला. दोन्हीकडचा ऊस कमरेपर्यंत पाण्यात. पुलाच्या तोंडाशी गाड्या खोळंबल्या होत्या. पाणी पुलाच्या अजून चांगलं पुरुषभर खाली होतं, पण त्याचा आवाज आणि वेग असा की माणसं बिचकली होती. बंदोबस्ताला अजून कुणी आलेलं नव्हतं. कुणी म्हणे थांबू, कुणी म्हणे परत फिरू. आणि त्या गाड्यांच्या पुढं, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, तात्या उभे होते. खोळीतून पाणी गळत होतं. ते कठड्यावरून वाकून खाली बघत, खांबाला लागलेलं पाणी बघत, आणि पुन्हा रस्त्यावर येत.

सगळ्यात पुढं एक जीप होती. परगावची माणसं दिसत होती. मागं बायका-पोरं दाटीवाटीनं बसलेली. चालवणाऱ्यानं काच खाली केली.

"बाबा, पलीकडं जायचं हुतं. जाऊ का? का पाणी उतरायची वाट बघू?"

"पावणं, ह्यो पूल हाय. नाव न्हवं," तात्या म्हणाले. "जावा."

"न्हाय, पण कुणी पोलीस, कुणी सांगणारं आलं तर बरं..."

"कुणाची वाट बघू नगा." तात्यांनी जीपच्या टपावर हात आपटला. "कुणी येतो म्हनलं तरी थांबू नगा. पूल धड हाय, मी बघितलाय. चला, हाना!"

जीप पुलावर चढली. मागची गाडी पुढं आली, तिच्यामागं मी होतो. तात्यांनी मला ओळखलं की नाही कोण जाणे, पावसात डोळे उघडे ठेवणंही अवघड होतं. मी स्कूटर बाजूला घ्यायला लागलो, त्यांच्याजवळ थोडं उभं राहावं म्हणून. त्यांनी मागं न बघताच हातानं खूण केली, थांबू नको, चल. मी गेलो. पुलावर चढल्यावर आरशात बघितलं तर ते तोंडाशी उभे राहून त्या जीपकडं बघत होते. तिचे मागचे तांबडे दिवे पलीकडच्या काठाला लागले, वळले, देवळामागं दिसेनासे झाले. मग ते पुढच्या गाडीकडं वळले.